ज्येष्ठांच्या केअर सेंटरचा खर्च वर्षानुवर्षं कसा भागवायचा: पैसा, सह्या, घर आणि भावंडं

केअर सेंटरचा पहिला महिना कसाही भरला जातो. कुणी एफडी मोडतो, कुणी बोनस लावतो, परदेशातला भाऊ डिपॉझिट पाठवून देतो. ओढाताण सुरू होते ती दीड-दोन वर्षांनी. तोवर आईला तिथल्या मावशींची, खिडकीजवळच्या पलंगाची सवय झालेली असते. तिला तिथून हलवणं जिवावर येतं आणि बिल मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येतच राहतं. म्हणून ‘सुरुवातीला पैसे आहेत का’ यापेक्षा ‘पाच-सात वर्षं दरमहा पैसे हातात येतील का’ हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

या बाबतीतलं माझं मत आधीच सांगते. ज्यांची देखभाल करायची त्यांचा स्वतःचा पैसा पहिल्यांदा वापरावा. तो पैसा दरमहा येणाऱ्या उत्पन्नात बदलावा. आणि ही सगळी कामं त्यांची सही चालते आहे तोवर उरकावीत. मुलांनी आपला पीएफ मोडणं किंवा कर्ज काढणं हे अगदी शेवटी. आईबाबांकडे काही नाही म्हणून घरं अडचणीत येतात, तितकीच ती सगळं असून वेळेवर हाती न आल्यामुळेही येतात.

पायरी १: खरा आकडा काढा

फोनवर सांगितला जाणारा आकडा बहुतेक वेळा राहणं, जेवण आणि रोजची देखभाल एवढ्याचाच असतो. त्यावर काय काय चढतं ते विचारा: डायपर आणि अंडरपॅड, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट, फिजिओथेरपी, रक्ताच्या तपासण्या, ॲम्ब्युलन्स. प्रकृती खालावली तर नाकातून अन्न द्यायची नळी, कॅथेटर बदलणं, बेडसोअरचं ड्रेसिंग, एअर बेडचं भाडं, ऑक्सिजन, वेळ पडल्यास स्वतंत्र अटेंडंट. बऱ्याच ठिकाणी चालत्याफिरत्या माणसाचा दर वेगळा आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा वेगळा असतो. आज बाबा काठी घेऊन चालत असले तरी हिशेब दोन्ही दरांनी करा.

यासाठी एक सोपा उपाय आहे. साधारण तुमच्या माणसासारखीच प्रकृती असलेल्या एखाद्या रहिवाशाचं मागच्या महिन्याचं बिल नाव झाकून दाखवायला सांगा. नीट चालणारं केंद्र सहसा नाही म्हणत नाही, आणि माहितीपत्रकात न दिसणाऱ्या पाच-सहा ओळी त्या एका कागदावर दिसतात.

करारावर सही करण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी घ्या:

- दरवर्षी शुल्क किती टक्के वाढणार.
- माणूस हॉस्पिटलात दाखल असताना खोलीचं भाडं पूर्ण लागणार की कमी.
- डिपॉझिटमधून काय कापणार आणि उरलेलं किती दिवसांत परत देणार.
- सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि महिन्याच्या मध्ये निधन झालं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का.
- सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे की तो वर लागणार.

जीएसटीचा मुद्दा छोटा वाटतो, पण विचारावाच. सरकारी किंवा प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरच्या रहिवाशाचं राहणं, जेवण, देखभाल धरून शुल्क महिना २५,००० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटीतून सूट आहे. खासगी कंपनीच्या केंद्राला ही सूट नाही. तिथे बिलातला कोणता भाग करपात्र धरला आहे ते बघून घ्या.

आता महागाई. हिशेबापुरता आकडा घेऊ: आज सगळं मिळून महिन्याला ४५,००० लागतात आणि खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतो. पाच वर्षांनी हाच खर्च ६६,००० च्या आसपास जातो. आज जेमतेम पुरणारं ठरावीक व्याज तेव्हा वीस-बावीस हजारांनी कमी पडणार. म्हणून कागदावर दोन रकाने करा, आजचा खर्च आणि पाच वर्षांनंतरचा. खालच्या सगळ्या पायऱ्या दुसऱ्या रकान्याकडे बघून ठरवायच्या.

पायरी २: त्यांच्याकडे काय आहे ते शोधा

पासबुकं, पोस्टाच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, शेअर्स, सोनं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा, कुणाला उसने दिलेले पैसे, सगळं एका वहीत उतरवा. ज्येष्ठ मंडळींच्या ठेवी कधी कधी त्यांच्याही लक्षात नसतात. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण मालकाचा हक्क जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून अशी खाती शोधता येतात. जुनी नोकरी, जुनं शहर, तिथली बँक असा माग काढत गेलात तर काहीतरी सापडण्याची शक्यता असते.

पेन्शनची स्लिप नीट वाचा. केंद्र सरकारच्या निवृत्तांना आणि फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना वयाच्या ८० व्या वर्षी मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला पेन्शनइतकीच जादा रक्कम. फॅमिली पेन्शनमध्ये मात्र आईची जन्मतारीख पेन्शनच्या कागदांवर नोंदलेलीच नसल्यामुळे ही वाढ राहून जाऊ शकते. आई ८० च्या पुढे असेल आणि स्लिपमध्ये ही ओळ नसेल तर वयाचा पुरावा घेऊन बँकेत अर्ज द्या. थकबाकीही मागा. राज्य सरकार, बँका, महामंडळं यांचे नियम वेगळे आहेत, ते त्या त्या पेन्शन कार्यालयात विचारावे लागतात.

पायरी ३: सही चालते आहे तोवर

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झाला, पक्षाघाताचा दुसरा झटका आला, माणूस बोलेनासा झाला, की खात्यात चाळीस लाख असले तरी घरातलं कुणी त्यातून केंद्राचं बिल भरू शकत नाही. नॉमिनी असून उपयोग नसतो, कारण नॉमिनीचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो.

मुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवलं की सगळं सुटलं, असा समज सगळीकडे आहे. आपल्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते लुळं पडतं. ज्यांचं भान शाबूत आहे पण हिंडणं-फिरणं बंद झालंय, त्यांच्यासाठी ते उत्तम. डिमेन्शियाचं निदान झालेल्या माणसासाठी फक्त त्याच्यावर विसंबू नका. भान पूर्ण गेल्यावर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. वैद्यकीय मंडळाचे अहवाल, सगळ्या वारसांची संमती, वकिलाचा खर्च, आणि तोवर केंद्राचं बिल मुलांच्या खिशातून.

म्हणून आत्ता हे करा. मुख्य बचत खातं आणि ठेवी ‘एकजण किंवा हयात’ या पद्धतीनं, म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीनं व्यवहार चालेल असं, एका विश्वासू मुलाच्या किंवा मुलीच्या नावासह संयुक्त करा. ठेवींच्या बाबतीत मुदतीआधी मोडण्याचा अधिकार कुणाला, हे बँकेच्या फॉर्मवर वेगळं लिहून द्यावं लागतं, ते राहू देऊ नका. मृत्युपत्रही याच वेळी करा, आणि त्या दिवशीचं ‘भान ठीक आहे’ असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. बाबांचं एटीएम कार्ड आणि ओटीपी वापरून वर्षानुवर्षं घर चालवणं अनेक घरांत चालतं. भावंडांत बिनसलं की हेच अंगाशी येतं.

हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून बँकेनं परत पाठवलं तर हार मानू नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. आजारी किंवा अपंग खातेदार अंगठ्याचा ठसा देऊ शकतो. तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. ठसा ओळखणारे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. अशा खातेदारानं पैसे काढण्यासाठी कोणाला नेमलंय तेही याच पद्धतीनं नोंदवता येतं. ७० वर्षांवरच्यांना आणि अपंगांना घरपोच बँक सेवेची तरतूद आहे. केअर सेंटरचा पत्ता देऊन ती मागा, आणि मागणी लेखी द्या. काउंटरवर तोंडी ‘असं काही नसतं’ म्हणणारी शाखाही अर्जावर पोच देताना नियम उघडून बघते.

याच पायरीत हयातीचा दाखला येतो. माणूस केंद्रात गेला की नोव्हेंबर कधी येऊन जातो ते घरच्यांच्या लक्षात राहत नाही, आणि पेन्शन थांबते. ८० वर्षांवरच्यांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ होतं. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांसाठी हे फार सोयीचं आहे. नाहीच जमलं तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन पलंगापाशी येऊन करून देतो.

पायरी ४: साठलेल्या पैशाचं महिन्याचं उत्पन्न करा

आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला, कधीही काढता येईल अशी. हॉस्पिटलची धावपळ यातूनच निभावते. उरलेल्याचं नियोजन पुढे.

सगळ्यात आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टातली किंवा बँकेतली. एप्रिल २०२३ पासून यात एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत व्याजदर ८.२ टक्के राहिला. दर तिमाहीला जाहीर होतो, पण खातं उघडताना असेल तो दर पाच वर्षं कायम राहतो. पूर्ण ३० लाख ठेवले तर या दरानं तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढे असतील तर दोघांची वेगळी ३०-३० लाखांची खाती होऊ शकतात. मुदतीआधी बंद करता येतं, पण वर्षाच्या आत केलं तर मिळालेलं व्याज वजा होतं, दोन वर्षांच्या आत मुद्दलाच्या दीड टक्के आणि नंतर एक टक्का कापला जातो. या खात्यात मुलाचं नाव संयुक्त म्हणून घालता येत नाही, फक्त जोडीदाराचं. म्हणून डिमेन्शियाची सुरुवात असेल तर सगळा पैसा इथे अडकवू नका. काही भाग मुलीसोबत संयुक्त असलेल्या बँकेच्या ठेवीत असू द्या, दर थोडा कमी मिळाला तरी.

दुसरी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना. एकट्याच्या नावावर ९ लाख, संयुक्त १५ लाख, आणि २०२५ मधला दर ७.४ टक्के. पंधरा लाखांवर महिन्याला ९,२५० येतात. व्याज दरमहा येतं हा तिचा मोठा गुण, कारण बिलही दरमहाच येतं.

विमा कंपन्यांच्या तत्काळ सुरू होणाऱ्या ॲन्युइटीचा, म्हणजे एकरकमी पैसे भरून आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनचा, विचार वय ७५ च्या पुढे असेल तर जरूर करा. जितकं वय जास्त तितकी पेन्शन जास्त. मुद्दल वारसांना परत देणारा पर्याय घेतला तर रक्कम कमी होते, परत न देणारा घेतला तर वाढते. अनेक घरांत ‘मुद्दल जाता कामा नये’ हा हट्ट असतो. माझ्या मते हा हट्ट इथे चुकीचा आहे. ज्या माणसानं पैसा कमावला त्याच्या शेवटच्या वर्षांत तो खर्च झाला तर त्यात काही वावगं नाही. मात्र ॲन्युइटीत एकदा पैसा गेला की बहुधा परत निघत नाही. प्रकृती फारच नाजूक असेल तर हा मार्ग नकोच.

पाच वर्षांनंतरच्या रकान्यातली तूट यातल्या कुठल्याच योजनेनं भरत नाही, कारण व्याज वाढत नाही. ती भरायला मुद्दलातला थोडा भाग दरवर्षी खर्चायचा किंवा घराकडे वळायचं.

पायरी ५: घराचं काय करायचं

बहुतेक मराठी घरांत मोठी मालमत्ता म्हणजे राहतं घर, आणि त्यावर बोलायला सगळे कचरतात. तीन मार्ग आहेत.

घर भाड्यानं देणं हा सगळ्यात कमी वादाचा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. मिळालेल्या भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणजे कर कमी बसतो. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा शुल्क लावते. राज्य सरकारच्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. भाडं थेट त्याच खात्यात येऊ द्या ज्यातून केंद्राचं बिल जातं.

दुसरा रिव्हर्स मॉर्गेज. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही सोय: ६० वर्षांवरचा मालक स्वकष्टार्जित राहतं घर बँकेकडे तारण ठेवतो आणि बँक त्याला जास्तीत जास्त वीस वर्षं दरमहा किंवा तिमाहीला रक्कम देते. ही रक्कम कर्जाची, म्हणून तिच्यावर प्राप्तिकर नाही. पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात, नाहीतर बँक विकून आपली रक्कम घेते आणि उरलेली वारसांना देते. ऐकायला चांगलं वाटतं. पण राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक अट आहे: कर्जदार कायमचा घराबाहेर राहायला गेला, म्हणजे साधारण सलग वर्षभर तिथे राहत नसेल, तर कर्ज फेडण्याची वेळ आली असं धरतात. केअर सेंटरमध्ये जाणं म्हणजे नेमकं हेच. त्यामुळे एकटी आई केंद्रात जाणार असेल तर हा मार्ग बंद समजा. बाबा केंद्रात आणि आई घरातच राहणार असेल, आणि दोघं मिळून कर्जदार असतील, तर मात्र तो खरोखर उपयोगी पडतो.

तिसरा मार्ग विक्री. एकट्या माणसासाठी, परतायची शक्यता नसेल तर, रिकामं घर सांभाळत देखभालशुल्क भरत राहण्यापेक्षा विकणं शहाणपणाचं. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय आहे, दोन्हींतला कमी तो भरायचा. सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत सरकारमान्य रोख्यांत गुंतवून कर वाचवता येतो, पण तो पैसा पाच वर्षं अडकतो. दरमहा खर्चाला पैसा हवा असताना सगळं रोख्यांत घालू नका. थोडा कर भरणं परवडतं.

आणि एक चौथी गोष्ट, जी करू नका. ‘आत्ताच नावावर करून टाक, मी बघतो’ या शब्दावर बक्षीसपत्र. मुलांच्या नावे घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र असल्यानं हे चटकन होतं. करायचंच असेल तर ‘आयुष्यभर देखभालीचा खर्च करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तातच हवेत. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करण्यात वर्षं जातात.

पायरी ६: विम्याकडून काय मिळेल, काय नाही

मेडिक्लेम केअर सेंटरचं बिल देत नाही. पॉलिसीच्या अपवादांमध्ये विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल असं एक कलम असतं. आंघोळ, कपडे, हालचाल यासाठी घरी किंवा शुश्रूषा केंद्रात घेतलेली मदत त्यात स्पष्ट वगळलेली आहे. त्यामुळे एजंटनं काहीही सांगितलं तरी ती अपेक्षा सोडा.

तरी पॉलिसी बंद करू नका. केंद्रात राहणारी माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं, न्यूमोनिया होतो. तो हॉस्पिटलचा खर्च विम्यातून गेला तरच देखभालीसाठी ठेवलेला पैसा शाबूत राहतो. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचा उपचार त्यात बसतो. कार्ड चालणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते आधीच शोधून केंद्राच्या फाईलवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता तिथली नर्स रुग्णाला त्या कागदावर लिहिलेल्या ठिकाणीच नेईल.

पायरी ७: भावंडांत वाटणी

सगळं करून महिन्याला काही तूट उरलीच तर ती मुलांनी भरायची. समान वाटणी न्याय्य दिसते, पण बहुतेक घरांत ती टिकत नाही. एकाचा पगार दुसऱ्याच्या चौपट असतो. एक बहीण दर रविवारी केंद्रात जाते, डॉक्टरांशी बोलते, औषधं पोचवते, तर दुसरा भाऊ परगावी. मी सुचवेन ते असं: पैशाचा वाटा ऐपतीप्रमाणे, आणि जो प्रत्यक्ष धावपळ करतो त्याचा पैशाचा वाटा कमी. त्याचा प्रवास, औषधं, सुट्टीचा खाडा हेही खर्चातच धरा.

ठरलेलं सगळं एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. त्यात हेही लिहा की कुणी जास्त भरलं तर ती रक्कम पुढे घराच्या वाटणीत वळती होणार का. हे आज विचारायला कठीण जातं, पण आईच्या पश्चात विचारणं कितीतरी कठीण. बिलासाठी एकच खातं ठेवा, प्रत्येकाचा वाटा ठरलेल्या तारखेला आपोआप त्यात जाऊ द्या, आणि दर महिन्याचं बिल आणि शिल्लक कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. तक्रारी बहुतेक हिशेब न दिसल्यामुळे होतात. मुलांनी आईवडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही, त्यामुळे पाठवताना संकोच नको.

कुणी हात वर केले तर कायदा आहे. २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर जबाबदारी येते. अपत्य नसलेल्या आत्याची किंवा काकांची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकावरही येते. निर्णय ९० दिवसांत अपेक्षित आहे. देखभालीची रक्कम मात्र महिन्याला १०,००० च्या वर जात नाही, आणि केअर सेंटरसाठी ती अपुरी पडते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४, यात अशी कमाल मर्यादा नाही. पण दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरता येत नाहीत, एक निवडावा लागतो. लग्न झालेल्या मुलीवरही जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच सांगितलंय.

पायरी ८: करात वाचेल तेवढं वाचवा

खालच्या सवलती जुन्या करप्रणालीतच मिळतात आणि त्या मुलांना घेता येतात. प्राप्तिकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत. इथे ओळखीचे जुने आकडे दिलेत.

- ८०डी: साठीच्या पुढच्या आईवडिलांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर ५०,००० पर्यंत वजावट. पैसे रोखीनं दिलेले चालत नाहीत.
- ८०डीडीबी: ठरावीक गंभीर आजारांवर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत. ४० टक्क्यांवर अपंगत्व आणणारे डिमेन्शिया आणि पार्किन्सन्स यात येतात. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते.
- ८०डीडी: पक्षाघातासारख्या कारणानं ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेले पालक तुमच्यावर अवलंबून असतील तर ७५,०००, आणि ८० टक्क्यांवर असेल तर १,२५,०००. खर्च किती झाला याच्याशी संबंध नाही, सरकारी प्रमाणपत्र लागतं.

राहण्या-जेवणाचा खर्च वैद्यकीय धरला जात नाही. म्हणून केंद्राकडून बिल फोडून मागा: खोली-जेवण वेगळं, नर्सिंग, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. पहिल्या महिन्यापासून मागितलं तर ते सहज देतात. मार्चमध्ये वर्षभराची बिलं बदलून कुणी देत नाही.

आईवडिलांच्या स्वतःच्या उत्पन्नाचं वेगळं बघा. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. घरविक्रीचा नफा त्यात धरत नाहीत. पेन्शन, व्याज आणि भाडं मिळून एवढं नसेल तर ते नव्या प्रणालीत आणि मूल जुन्या, असा मेळ बसतो का ते सीएला विचारा.

पायरी ९: काहीच नसेल तर

पेन्शन नाही, घर नाही, मुलं नाहीत किंवा त्यांचीच हलाखी. अशा वेळी सर्वप्रथम ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. फोन विनामूल्य आहे आणि जवळचे अनुदानित वृद्धाश्रम ते सांगू शकतात. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून संस्थांना निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम चालवायला अनुदान मिळतं, अल्झायमर्सच्या रुग्णांसाठीची केंद्रंही त्यात आहेत. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात यादी मागा.

महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या आणि वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत असलेल्यांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. तेवढ्यानं केंद्र भागत नाही, पण डायपर आणि औषधांना हातभार लागतो. हॉस्पिटलचा खर्च आला तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन भेटा.

ट्रस्टच्या वृद्धाश्रमांत शुल्कमाफी विश्वस्तांच्या हातात असते, आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. अर्ज लेखी द्या. सोबत उत्पन्नाचा दाखला, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कुटुंब महिन्याला नक्की किती भरू शकतं तो आकडा. ‘जमेल तेवढं देऊ’ यापेक्षा ‘दरमहा ९,००० देऊ शकतो, उरलेल्यासाठी सवलत मिळावी’ असा अर्ज विश्वस्तांना मंजूर करणं सोपं जातं. आणि आधीच केंद्रात असलेल्या माणसाचे पैसे संपत आले असतील तर हा अर्ज थकबाकी सुरू होण्याच्या निदान तीन-चार महिने आधी द्या. तेव्हा स्वतंत्र खोलीतून चारजणांच्या खोलीत हलवणं, डिपॉझिट शुल्कात वळतं करणं, दुसऱ्या संस्थेत जागा शोधून देणं असे पर्याय शिल्लक असतात.